मुक्या सोबत्याचा आधार

शरीराला ज्याप्रमाणे रोजचे अन्न लागते, त्याप्रमाणे मनालाही रोजचा आधार लागतो. तो कधी कधी मुक्या जनावराकडूनही मिळतो, याचा अनुभव आमच्या घरी आला. तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

चार वर्षांपूर्वी माझी आई निवर्तली. वडील देवळातील पूजा यथासांग करीत. परंतु घरी परतल्यावर ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहत. समोरचे ताट तसेच राही. कपिला गाईचे वैरणपाणी आई करीत असे; वडिलांना त्रास नको म्हणून ते काम मी अंगावर घेतले. एकदा मी परगावी गेलो असता सकाळी गाय हंबरू लागली. घरी दुसरे कोणी नव्हते. वडील उठले, वैरण घातली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाले, "ती आता येणार नाही गं, मी आलो आहे." हे त्यांनीच मला पुढे सांगितले. त्यानंतर गोठ्याचे काम त्यांनी मला परत दिले नाही. हळूहळू त्यांचे जेवण, झोप आणि शेजाऱ्यांशी बोलणे पूर्वपदावर आले.

यात चमत्कार नाही. दुःखी माणसाला वाटते की, आपली आता कोणास गरज उरली नाही. जनावर त्याला काही विचारीत नाही, उपदेशही करीत नाही. मात्र त्याची भूक वेळेवर येते, म्हणून माणसाला वेळेवर उठावे लागते.

ही गोष्ट इतरांनीही ओळखली आहे. इंग्लंडातील यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाची संस्था उघडली. अशा रुग्णांना साखळदंडांनी जखडण्याचा तो काळ. तेथे मात्र अंगणात ससे व कोंबड्या ठेवल्या जात, हेतू हा की रुग्णांच्या मनात ममता जागावी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे आणलेला एक अबोल मुलगा त्यांच्या कुत्र्याशी प्रथम रमला, आणि मग वैद्याशी. तो अनुभव त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. २०१५ साली जपानी संशोधकांना आढळले की, कुत्रा व धनी एकमेकांकडे प्रेमाने पाहत असता दोघांच्याही शरीरात 'ऑक्सिटोसिन' वाढते. माता व तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्यातही हेच द्रव्य कार्य करते.

तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. मन फारच खचले असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. जनावर हे औषधाच्या जागी नव्हे. दुसरे असे की, ज्याचा आधार घेतला त्याला म्हातारपणी रस्त्यावर सोडणे हा कृतघ्नपणा होय. युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ते याच धर्मबुद्धीने.

शेवटी एक विनंती. वडीलधाऱ्यांना श्रम नकोत म्हणून गाईला चारा घालण्याचे, मांजराला दूध ठेवण्याचे वा पाखरांना पाणी ठेवण्याचे काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका. मी ते मायेपोटीच काढून घेतले होते. पण त्या मायेने वडिलांचा आधारच हिरावला होता, हे मला कपिलेने शिकविले.