रानभेंडीचे देणे

जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण उभे राहिले, त्याच्या खाली सिद्धेश्वरचे कालवे निघाले आणि परभणी-हिंगोली भागातील कोरडवाहू शेतीत पाण्यामागोमाग भाजीपाला आला. त्यात भेंडी हे तोड्यागणिक रोख पैसा देणारे पीक. मात्र तिला एक जुने दुखणे आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, हळूहळू सारे पान हळदीसारखे होते, फळेही पिवळट निघतात. शेतकरी याला ‘हळद्या’ म्हणतात. मुंबई इलाख्यात १९२४ साली प्रथम नोंदला गेलेला हा विषाणुरोग पांढरी माशी पसरविते. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. ते उपटून टाकणे एवढेच हाती राहते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा वाण प्रारंभी रोगापुढे टिकला, पुढे तोही बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील संशोधक एन. डी. जांभळे व वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या रानटी भावकीकडे लक्ष वळविले. रानभेंडीचे फळ बाजारात कोणी घेणार नाही. पण तिच्या अंगी हळद्याचा प्रतिकार आहे. पुसा सावनीशी तिचा संकर करण्यात आला. खरे कष्ट त्यानंतरचे. अशा दूरच्या संकरात बी नीट धरत नाही, शिवाय रानटी अवगुणही सोबत येतात. म्हणून संकरित झाडांचा पुनःपुन्हा भेंडीशीच संकर करून प्रत्येक पिढीत निरोगी झाडे निवडावी लागली. प्रतिकाराची सूत्रे एकाच प्रभावी जनुकाकडे असल्याचे आढळले, हे सुदैवच म्हणावयाचे. १९८५ मध्ये ‘परभणी क्रांती’ प्रसारित झाली. हा सरळ वाण असल्याने शेतकऱ्यास बी घरी धरता येते, ही सोयही लहान नव्हे.

फळांतही असेच आढळते. महाबळेश्वरला पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीची जात अठराव्या शतकात युरोपात दोन अमेरिकन रानटी जातींच्या संकरातून जन्मली. त्यांपैकी एका रानटी जातीत लागवडीच्या फळापेक्षा अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक असल्याचे २००७ मध्ये अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. तेव्हा पोषणमूल्य वाढविण्यासाठीही पैदासकारांची दृष्टी रानाकडेच जाते.

परभणी क्रांतीचा प्रतिकारही कायमचा ठरला नाही. काही वर्षांनी तिच्यावरही हळद्या दिसू लागला आणि संशोधकांना नव्या प्रतिकारासाठी पुन्हा रानटी जातींचा शोध घ्यावा लागला. अशा जातींचे बी राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या दिल्ली येथील बीजपेढीत जतन केले जाते. ओढ्याकाठी व पडीक रानात उगवणारी रानभेंडी मात्र तण म्हणूनच उपटली जाते.