बंदीतला धडा : बीपी आणि शुगर आपल्याच हातात



१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत होडी किनाऱ्यावर असते. जाळी दुरुस्त होतात, इंजिन उघडलं जातं, रंग लागतो. पण होडी चालवणाऱ्याच्या अंगाची तपासणी कोण करतं? म्हणून आजचा धडा त्याच्यावर.

आपल्या कारवार पट्ट्यात दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला हुबळीला नेतात. विद्यानगरातलं सरकारी मेडिकल कॉलेज हे १९५७ पासूनचं. पण अंकोला, यल्लापूर करत घाट चढून तिथं पोचायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता. तिथं गेल्यावर डॉक्टर पहिलं विचारतात, "गोळी कोणती चालू आहे? कधीपासून? मागचे आकडे किती?" घरचे म्हणतात, "एक पांढरी गोळी घेतात." एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार? आधी सगळं नव्याने तपासावं लागतं, आणि त्यात वेळ जातो.

"आता या वयात काय शिकणार?" असं म्हणू नका. जीपीएस आणि फिशफाइंडर आपल्या तांडेलांनी कुठल्या शाळेत शिकले? हाताने करून, एकमेकांना विचारून शिकले. आरोग्याचंही तसंच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी जुनाट आजार असलेल्यांसाठी वर्ग बांधला : आठवड्यातून एकदा अडीच तास, सहा आठवडे. शिकवणारे दोघे, त्यातला निदान एक स्वतः आजारी. भाषण कमी, एकमेकांचे अनुभव जास्त. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्येही असं बसता येईल.

१. वही. एक छोटी वही करा. तारीख, बीपी, शुगर, गोळीचं नाव. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. गोळीच्या पाकिटाचा फोटो घरातल्या दोन फोनांत ठेवा.

२. आकडे. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-विडी नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून घ्या. ३० वर्षांवरच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

३. गोळी. बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. फेरी पाच दिवसांची असेल तर गोळ्या आठ दिवसांच्या घ्या, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात. एक चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

४. इन्सुलिन. ते बर्फाच्या खणात खुपसून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, वितळलं तरी वापरायचं नाही. ऊन आणि इंजिनची धग यांपासूनही लांब ठेवा.

५. शुगर उतरली तर. हातपाय थरथरणं, घाम, भोवळ, बरळणं. याला "उन्हाचं झालं" किंवा "प्यायलाय" समजू नका. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी फरक नाही तर पुन्हा द्या, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. होडी किनाऱ्याकडे वळवा आणि १०८ ला कळवा. खलाशाला शुगर आहे हे तांडेलाला माहीत असलंच पाहिजे. त्यात लाज कसली?

६. पाय. शुगरवाल्याच्या पायाला काटा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री तळवे बघा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा.

७. मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. सुकी मासळी आपली आहे, सोडा म्हणत नाही. पण पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवा आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको.

आता गृहपाठ. लोरिगबाईंच्या वर्गात प्रत्येकाने आठवड्याचा एकच बेत सांगायचा असतो : काय, किती, कधी, किती दिवस. "तब्येत सांभाळीन" हा बेत नव्हे. "जेवणानंतर २० मिनिटं चालीन, आठवड्यातून चार दिवस" हा बेत. मग स्वतःला विचारायचं, जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली असेल तर बेत लहान करा.

वहिनींनो, ताईंनो, घरातल्या माणसाला हा धडा वाचून दाखवा आणि त्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. त्याला सांगता आलं, तर त्याला कळलं. आणि हो, स्वतःचं बीपीही मोजून घ्या. घरात सगळ्यांच्या शेवटी तपासणी होते ती तुमचीच.

बंदी उठायच्या आत वहीचं पहिलं पान भरलेलं असू द्या.