भातानंतरचे पीक आणि वाफशाचे चार दिवस

भात मळून घरी आले की वर्षाचे काम संपले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु बेळगाव, येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या रानात त्या वेळी ओल शिल्लक असते. तिच्यावर मसूर, वाटाणा किंवा हरभरा एकाही पाण्यावाचून येऊ शकतो. रान पडीक ठेवले तर हीच ओल वाया जाते आणि घरात विकतची डाळ येते.

घाई कशासाठी? भातासाठी केलेल्या चिखलणीने मातीची घडण मोडते. असे रान वाळताना घट्ट होते, भेगाळते व भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कापणी होताच पेंढ्या बांधावर काढून रान मोकळे करावे.

वाफसा कसा ओळखावा? मूठभर माती दाबून लाडू करावा व कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर वाफसा आला. चपटा झाला तर थांबावे.

नांगर घालू नये. नांगरटीने खालची ओली माती वर येऊन वाळते व ढेकळे होतात. कुळवाच्या एक-दोन पाळ्या द्याव्यात, लगेच कुरीने पेरावे व फळी फिरवून ओल झाकावी. विदर्भात तर उभ्या भातातच लाखोळी फोकतात; तेथे मशागत मुळीच नसते.

बियाणे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत सुकवावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. एकाच रानात दरवर्षी हरभरा घेतल्यास मर रोग बळावतो; म्हणून पिकाची फेरपालट करावी.

बिवड. कडधान्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात. पीक उपटण्याऐवजी विळ्याने कापले तर मुळ्या रानातच कुजतात व पुढच्या भाताला त्याचा लाभ होतो.

निपाणीकडे सोयाबीननंतर शाळू किंवा हरभरा घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे: मशागत थोडी, पण वेळेवर.

आरोग्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. भातातील प्रथिनांत जी उणीव असते ती डाळ भरून काढते. वाढत्या मुलांच्या व गरोदर बायकांच्या ताटात भाताबरोबर रोज डाळ हवी. म्हणून निदान अर्धा एकर तरी घरच्या डाळीसाठी पेरावा, आणि त्याचे बियाणे भात कापण्यापूर्वीच घरात आणून ठेवावे, असे आम्ही सुचवितो.