अरोवानाची उडी आणि टाकीचे झाकण

प्रश्न : चार फुटी टाकीतील सिल्व्हर अरोवाना वारंवार उसळून झाकणावर आपटतो. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : ही सवय नसून शिकारीची उपजत रीत आहे, त्यामुळे ती मोडता येत नाही. ॲमेझॉन खोऱ्यातील हा मासा पुरात बुडालेल्या जंगलांत पृष्ठभागालगत फिरतो आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरील कीटक झेप घेऊन टिपतो. वर वळलेले तोंड आणि शेपटीजवळ एकवटलेले लांब पर ही त्या झेपेचीच साधने होत. दुकानात बोटभर दिसणारे पिल्लू काही वर्षांत दोन फुटांहून मोठे होते, आणि विक्रेते नेमके हेच सांगायचे विसरतात.

प्रौढ माशाला सहज वळता यावे यासाठी टाकीची लांबी सुमारे आठ फूट असावीच, पण रुंदीही अडीच-तीन फूट हवी, कारण अरुंद टाकीत त्याचा कणा वाकण्याचा धोका असतो. झाकण जड किंवा अडकवून बंद होणारे असावे, नळ्यांसाठीच्या फटी बुजवाव्यात आणि पाण्याची पातळी काठापेक्षा बरीच खाली ठेवावी. अंधारात अचानक दिवा लावल्यास मासा बिथरून उडतो. म्हणून आधी खोलीतील दिवा लावावा. जिवंत माशांऐवजी कोळंबी आणि तरंगते खाद्य द्यावे, कारण खाद्यमाशांबरोबर रोग येतात.

एवढी जागा नसल्यास मासा नदीत किंवा तलावात न सोडता मोठी टाकी असलेल्या जाणकार पालकाकडे सोपवावा.