‘एक्स्प्लिसिट्ली’ : घडी उलगडणारा शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांस ‘एक्स्प्लिसिट्ली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘स्पष्टपणे’ असे सांगून मोकळे होतात. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. कारण ‘क्लिअरली’चाही अर्थ ते तोच सांगतात. मग भाषेने दोन शब्द का बाळगावेत?

भेद मुळात सापडतो. लॅटिनमध्ये ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे आणि ‘एक्स्’ म्हणजे बाहेर. घडी उलगडून आतले बाहेर दाखविणे हा या शब्दाचा गाभा होय. याच्या उलट ‘इंप्लिसिट्ली’ : अर्थ आहे, परंतु घडीच्या आत, तो ऐकणाऱ्याने ताडावयाचा.

समजा, उसने मागावयास आलेल्या गृहस्थास आपण ‘बघू पुढे’ म्हणून वाटेस लावले. नकार त्यास क्लिअरली कळला. पण आपण तो एक्स्प्लिसिट्ली दिला नाही. ‘देणार नाही’ हे शब्द तोंडून निघाले असते, तरच तसे म्हणता आले असते.

येथे एक खाचखळगा आहे. ‘आय ट्रस्ट हिम इंप्लिसिट्ली’ याचा अर्थ ‘आतून थोडासा विश्वास’ असा नव्हे. ‘निःशंक, पूर्ण विश्वास’ असा आहे.

कायद्याच्या भाषेत याच अर्थी ‘एक्स्प्रेसली’ हा शब्द अधिक आढळतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ९ वे कलम शब्दांनी दिलेल्या वचनास ‘एक्स्प्रेस’ आणि शब्दांवाचून दिलेल्या वचनास ‘इंप्लाइड’ म्हणते. ‘एक्स्प्रेसली’चा दुसरा अर्थ ‘मुद्दाम, खास त्यासाठीच’ असाही होतो. ‘एक्स्प्लिसिट्ली’चा तसा होत नाही.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. एखादा दाता देणगीपत्रात ‘शिक्षणासाठी’ एवढेच लिहितो. मनात मात्र गरीब मुलींच्या फीचा विचार असतो. पुढे दाता राहत नाही, विश्वस्त बदलतात आणि ती रक्कम शाळेच्या छपरावर खर्च होते. लबाडी कोणीच केलेली नसते; तरी दात्याची इच्छा घडीतच राहून जाते.

भिडस्तपणा ही आपल्या बोलण्याची रीत आहे. बोलताना एखादी घडी राहिली तरी चालेल. सही करण्यापूर्वी मात्र ती उलगडावी.