एका नावाची अनेक रूपे

पतीच्या सहकार्याने रेडियमचा शोध लावणाऱ्या थोर विदुषीचे नाव मराठीत बहुधा 'मेरी क्यूरी' असे लिहिले जाते. परंतु 'मेरी' हे या नावाचे इंग्रजी रूप होय. या विदुषीचा जन्म १८६७ साली पोलंडमधील वॉर्सा शहरी झाला. आईवडिलांनी त्यांचे नाव 'मारिया' असे ठेवले होते आणि घरची माणसे त्यांना लाडाने 'मान्या' म्हणत. १८९१ साली त्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेल्या. तेथील विद्यापीठात त्यांनी आपले नाव फ्रेंच पद्धतीने 'मारी' असे नोंदविले. व्यक्ती एकच, पण घरी मान्या, मायदेशी मारिया, पॅरिसमध्ये मारी आणि आपल्या पुस्तकांत मेरी! असे का व्हावे?

याचे उत्तर हवे असेल, तर या नावाचा प्रवास पाहिला पाहिजे. ज्यू लोकांच्या प्राचीन हिब्रू धर्मग्रंथांत 'मिर्याम' नावाची एक स्त्री आहे. मोशे या पुढाऱ्याची ती बहीण. हिब्रू लिपीत त्या काळी मुख्यतः व्यंजनेच लिहीत. स्वर वाचणाऱ्याने जाणून घ्यावयाचे. त्यामुळे व्यंजने स्थिर राहिली, स्वर मात्र पालटले आणि 'मिर्याम'च्या जोडीला 'मरियम' हेही रूप आढळते. अरबी व फारसी भाषांत तेच रूप रूढ आहे. ग्रीक भाषेतील शब्दांच्या अंती 'म्' येत नाही. म्हणून तेथे 'मरियम'च्या जोडीला 'मारिया' हे रूप आले आणि लॅटिन भाषेच्या द्वारे ते युरोपभर पसरले. येशू ख्रिस्ताच्या मातेचे हे नाव असल्यामुळे ते घरोघरी ठेवले जाऊ लागले. फ्रेंचांनी त्याचे 'मारी' केले, इंग्रजांनी 'मेरी' केले. हवाई बेटांच्या मूळ भाषेत 'र' हा वर्णच नाही. तेथे ते 'मालिया' झाले. मराठी बायबलात ते 'मरीया' असे लिहितात आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत 'मारिया' हे नाव आजही ऐकू येते. पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते. तसेच नाव ज्या भाषेत जाते तिचे उच्चार धारण करते.

भाषा तीच राहून केवळ लिपी बदलली, तरीही असाच पालट होतो. 'लता' हे नाव भारतात सर्वत्र आढळते. परंतु रोमन लिपीत 'त' आणि 'ट' यांसाठी 'टी' हे एकच अक्षर आहे. म्हणून दक्षिणेकडील लोक 'त' लिहिताना 'टी'पुढे 'एच' जोडतात. महाराष्ट्रात मात्र ही जोडी 'थ'साठी वापरतात. त्यामुळे केरळातील लताचे नाव रोमन लिपीत पाहून मराठी वाचक ते 'लथा' असे वाचतो! 'गीता' या नावातील दीर्घ स्वरासाठी कोणी एक 'आय' लिहितो, तर कोणी दोन 'ई' लिहितो. अक्षरे निराळी असली, तरी नाव एकच.

मग यांतील शुद्ध रूप कोणते? प्रत्येक रूप आपापल्या भाषेत शुद्धच आहे. तथापि एखाद्या व्यक्तीचे नाव घेताना तिने स्वतः स्वीकारलेले रूप मानणे हे सौजन्याचे लक्षण होय. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवून तो मान मिळविणारी पहिली स्त्री ठरलेली इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी आणि २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात कांस्यपदक जिंकणारी मणिपूरची मेरी कोम, या दोघींच्या नावांचे मूळ एकच आहे. म्हणून काही मरियमला मेरी आणि मेरीला मरियम म्हणता येत नाही.

मादाम क्यूरींनी 'मारी' हे परदेशी रूप आनंदाने स्वीकारले. परंतु आपले माहेरचे 'स्क्लोदोव्स्का' हे आडनाव टाकले नाही. 'क्यूरी'च्या आधी त्या ते लिहीत असत. त्यांच्या वडिलांचे आडनाव 'स्क्लोदोव्स्की' असे होते. मराठीत जसे 'गोरा मुलगा, गोरी मुलगी' म्हणतात, तशी पोलिश भाषेत अशी आडनावे लिंगाप्रमाणे बदलतात. मारियाच्या बालपणी वॉर्सावर रशियाची सत्ता होती. शाळांतून रशियन भाषेची सक्ती होती आणि १७९५ सालापासून स्वतंत्र पोलंडचे नाव नकाशावर उरले नव्हते. १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी एक नवे मूलद्रव्य शोधून काढले, तेव्हा त्याला त्यांनी 'पोलोनियम' हे नाव दिले. पुढे १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. पण त्याच्या वीस वर्षे आधीच या कन्येने आपल्या मायभूमीचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे कोरून ठेवले होते.

स्वाध्याय

१. 'मिर्याम' या नावाचे 'मारिया' कसे झाले, ते थोडक्यात लिहा.
२. 'लता' हे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे का लिहिले जाते?
३. मादाम क्यूरींनी नव्या मूलद्रव्याला 'पोलोनियम' हे नाव का दिले असावे?