स्मरणाचा बिल्ला

यात्रेच्या दिवशी मोठ्या देवस्थानी दर्शनास गेलेला मनुष्य मंदिराबाहेर आपल्या वहाणा काढून ठेवतो. वहाणा सांभाळणारा त्याचे नाव विचारीत नाही, गावही विचारीत नाही. तो त्याच्या हाती क्रमांक घातलेला एक बिल्ला देतो. तोच क्रमांक वहाणा ठेवलेल्या कप्प्यालाही असतो. दर्शन घेऊन परत आलेला यात्रेकरू बिल्ला पुढे करतो. सांभाळणाऱ्याला त्याचा चेहरा आठवत नाही, आणि आठवण्याचे कारणही नसते. बिल्ला पाहताच तो नेमक्या वहाणा काढून देतो. स्मरण ठेवण्याचे काम येथे माणसाने नव्हे, तर त्या लहानशा बिल्ल्याने केलेले असते.

मुलांनो, इंटरनेटच्या जगातही असाच एक बिल्ला आहे. त्याला 'कुकी' असे म्हणतात. इंग्रजीत कुकी म्हणजे गोड बिस्किट. परंतु या कुकीचा खाण्याशी काही संबंध नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्यास दिलेल्या आणि पुढे जशाच्या तशा परत करावयाच्या खुणेला जुने संगणकतज्ज्ञ 'मॅजिक कुकी' म्हणत असत. त्यावरूनच हे नाव पडले.

ही खूण लागते तरी कशासाठी? ज्या साधनाने आपण संकेतस्थळे पाहतो त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पानाची मागणी करतो. सर्व्हर ते पान पाठवतो आणि तेथेच तो व्यवहार संपतो. ज्या नियमांनी ही देवघेव चालते, त्या नियमांत प्रत्येक मागणी स्वतंत्र मानलेली आहे. पुढची मागणी आली, की ती आधीच्याच माणसाची आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. समजा, तुमचे वडील रेल्वेचे आरक्षण करीत आहेत. पहिल्या पानावर त्यांनी गाडी निवडली, दुसऱ्यावर प्रवाशांची नावे लिहिली आणि तिसऱ्यावर ते पैसे भरू लागले. स्मरणाची काहीच सोय नसती, तर दर पानावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सारे सांगावे लागले असते!

ही अडचण १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली या तरुण संगणकतज्ज्ञाने सोडवली. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकावा, असा एक सोपा मार्ग दिसत होता. परंतु तो क्रमांक सर्वच संकेतस्थळांना दिसला असता, आणि माणूस कोठे कोठे फिरला याचा माग काढणे सोपे झाले असते. म्हणून मॉन्टुली यांनी तो मार्ग टाळला. प्रत्येक संकेतस्थळाने आपापला निराळा बिल्ला द्यावा, ब्राउझरने तो जपून ठेवावा आणि ज्याचा त्यालाच परत दाखवावा, अशी योजना त्यांनी केली. नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला वाचक पूर्वी येऊन गेला आहे की नाही, हे पाहण्यासाठी कुकीचा प्रथम उपयोग झाला.

कुकी म्हणजे मजकुराचा एक छोटासा तुकडा होय. त्यात एक नाव असते आणि त्या नावापुढे काही माहिती असते. 'भाषा' या नावापुढे 'मराठी' असे लिहिलेले असेल, तर पुढच्या भेटीत ते संकेतस्थळ आपण होऊन मराठीत उघडते. पुष्कळदा मात्र त्यात केवळ एक लांबलचक क्रमांक असतो. एका कुकीत साधारणपणे ४०९६ बाइट्सपर्यंतच मजकूर मावतो. कुकी हा प्रोग्राम नव्हे. ती स्वतः होऊन काही करीत नाही, म्हणून तिला संगणकाचा विषाणू समजणे चुकीचे आहे.

काही कुकी अल्पायुषी असतात. ब्राउझर बंद केला की त्या बहुधा नाहीशा होतात. काहींवर मात्र मुदत लिहिलेली असते, आणि ती संपेपर्यंत त्या राहतात. दर वेळी पासवर्ड न विचारता एखादे संकेतस्थळ तुम्हांला आत घेते, ते अशाच एखाद्या कुकीमुळे.

येथवर सर्व ठीक झाले. परंतु मॉन्टुली यांना जी भीती होती, ती पुढे दुसऱ्याच वाटेने खरी ठरली. संकेतस्थळाचे एक पान आपल्याला एकसंध दिसते. पण त्याचे सारे भाग एकाच ठिकाणाहून येतात असे नाही. बातमी एका सर्व्हरकडून येते, तर कडेची जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरकडून येते. जाहिरातीबरोबर ती कंपनीही आपली कुकी ठेवून देते. तिला 'त्रयस्थाची कुकी' म्हणावे. आता अशी कल्पना करा, की बाजारपेठेतील पन्नास दुकानांच्या दारांत एकाच मालकाची माणसे बसली आहेत, आणि तुम्ही ज्या ज्या दुकानात शिराल तेथे ती तुमचा एकच बिल्ला पाहून वहीत नोंद करीत आहेत. प्रत्येक दुकानदाराला आपल्यापुरतेच ठाऊक असते. त्या मालकाला मात्र तुमची सारी फेरी कळते. सकाळी एका ठिकाणी तुम्ही बॅटींच्या किमती पाहिल्या आणि सायंकाळी दुसऱ्याच संकेतस्थळावर बॅटीचीच जाहिरात समोर आली, तर त्यामागे अशी वही असू शकते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनॅन्शियल टाइम्स' या वृत्तपत्राने कुकीविषयी लिहिले, तेव्हा पुष्कळांना या गोष्टीची प्रथमच वार्ता लागली. १९९७ साली कुकीचे जे पहिले प्रमाण नियम प्रसिद्ध झाले, त्यांत त्रयस्थांच्या कुकींना सरसकट वाव देऊ नये असे सुचवले होते. परंतु त्या काळच्या प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. पुढे वारा फिरला. सफारीने २०२० पासून अशा कुकी पूर्णपणे अडवण्यास आरंभ केला. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवण्याची रीत सर्वांसाठी लागू केली. क्रोमनेही त्या बंद करण्याचे २०२० साली जाहीर केले होते. परंतु नंतर तो बेत सोडून निवड वापरणाऱ्यावरच सोपवली. आपल्या संसदेनेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस त्या कायद्यात मनाई सांगितली आहे.

तथापि कायदा आणि कंपन्या यांच्यावर सर्व भार टाकून आपण स्वस्थ बसावे, हे योग्य नव्हे. बिल्ले आपल्याच घरात, आपल्याच ब्राउझरमध्ये ठेवलेले असतात. त्यांतील कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा, हे ठरवणे आपल्याच हाती आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा' या अर्थाचा एक विभाग असतो. तेथे कोणत्या संकेतस्थळाने आपल्याकडे काय ठेवले आहे ते पाहता येते, एकेका संकेतस्थळाच्या कुकी पुसता येतात आणि त्रयस्थांच्या कुकी अडवता येतात. क्रोम, फायरफॉक्स किंवा एज वापरीत असाल, तर संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या असता पुसण्याची चौकट समोर येते. सर्व कुकी पुसल्या, तर बहुतेक संकेतस्थळे तुम्हांला ओळखेनाशी होतात आणि पुन्हा पासवर्ड मागतात. म्हणून पुसण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. एखादे पान उघडताच कुकीला संमती मागणारी चौकट आली, तर घाईने 'सर्व स्वीकारा' म्हणू नये. 'नाकारा' असा पर्याय आहे का, ते आधी पाहावे.

खाजगी खिडकी उघडून काम केले, तर त्या वेळच्या कुकी खिडकी बंद केल्यावर पुसल्या जातात. परंतु त्यामुळे आपण अदृश्य होतो, असा गैरसमज नसावा. आपण पाहिलेल्या संकेतस्थळाला आपली भेट कळतेच. त्याचप्रमाणे आपल्याकडील कुकी पुसल्याने दुसऱ्याच्या वहीत आधी झालेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात धरण्याजोगी आहे. बिल्ला ज्याच्या हाती, वहाणा त्याच्या! शाळेच्या संगणककक्षात किंवा गावातील सेवाकेंद्रात तुमच्या ताईने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि ती 'बाहेर पडा' हे बटण न दाबताच उठली, असे समजा. तिची कुकी त्या संगणकातच राहते. नंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला पासवर्ड ठाऊक नसला, तरी संकेतस्थळ त्यालाच ताई समजेल. तिचा अर्ज तो वाचू शकेल, कदाचित बदलूही शकेल. आणि एका वर्षाचे शिक्षण अशा एका अर्जावर अवलंबून असू शकते. म्हणून सार्वजनिक संगणकावरून उठताना प्रथम रीतसर बाहेर पडावे आणि मग कुकी पुसाव्या. शाईची दौत झाकून ठेवावी, तितकी ही सवय सहज अंगवळणी पडली पाहिजे.

कुकी आपली शत्रू नव्हे, तशीच ती आंधळेपणाने विश्वास टाकावा अशी मैत्रीणही नव्हे. ती एक खूण आहे. खूण कोणी दिली, कशासाठी दिली आणि ती किती दिवस जवळ बाळगावी, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो या अफाट बाजारातून निर्धास्तपणे फिरू शकेल.

अभ्यास

१. कुकीला बिल्ल्याची उपमा का दिली आहे? ही उपमा तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. प्रत्येक ब्राउझरला कायमचा क्रमांक देण्याचा मार्ग लू मॉन्टुली यांनी का टाळला?
३. त्रयस्थाची कुकी म्हणजे काय? तिच्यामुळे कोणाला कोणती माहिती मिळते?
४. 'बिल्ला ज्याच्या हाती, वहाणा त्याच्या' या वाक्यातून कोणता बोध घ्यावयाचा?
५. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने ब्राउझरमधील कुकींची यादी उघडा. त्यांतील ओळखीची आणि अनोळखी नावे वेगवेगळी लिहा.